जुनं दिल्याशिवाय नवं नाही

टेम्पो गेटातून आत आला तेव्हा मला वाटलं, रिकाम्या पेट्या परत आल्या असतील. ताडपत्री काढली तर आमचाच माल. पुण्याकडच्या एका पंपवाल्यांना आदल्या आठवड्यात पाठवलेली १८० बेअरिंग हाउसिंग्ज, म्हणजे बेअरिंग बसवायची ओतीव घरं, प्रत्येकावर लाल मार्करनं फुली. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: पीसीडी १२५, ड्रॉइंगप्रमाणे १३०.

पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर पाडतात त्याचा व्यास. त्यात पाच मिलिमीटरचा फरक म्हणजे बोल्ट बसणारच नाही. भोक बुजवून दुसरं पाडणं कुठलाही ग्राहक चालवून घेत नाही. त्यामुळे अख्खा माल परत भट्टीत. लोखंड लोखंडात मिसळून जातं, ते वाया जात नाही. पण मोल्डिंग, कोअर, मशिनिंग, वीज, भाडं आणि ग्राहकासमोर खाली गेलेली मान, हे काही वितळून परत मिळत नाही.

ही २०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग सेक्शन बघतो. २००३ पासून इथंच आहे. कॉम्प्युटरचा माणूस नव्हे, डिप्लोमा मेकॅनिकलचा. पण या प्रकारानंतर सहा महिने मी जे केलं, ते बरंचसं कॉम्प्युटरचंच काम होतं. कुणीतरी करायला हवं होतं आणि चूक माझी होती, म्हणून माझ्यावर आलं.

चूक कशी झाली ते सांगतो. ग्राहकानं मार्चमध्ये ड्रॉइंगची ‘सी’ रिव्हिजन, म्हणजे ‘बी’नंतरची सुधारलेली प्रत, पाठवली होती. मी ती झेडवर, म्हणजे आमच्या सामायिक ड्राइव्हवर, ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ठेवली. मग मशीन शॉपच्या फोल्डरमधली ‘बी’ काढून तिथं ‘सी’ टाकायला गेलो, तर फाइल वापरात आहे म्हणून बदलता येत नाही असा निरोप आला. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनिंगच्या मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ती उघडून ठेवली होती. म्हटलं, उद्या करतो. तो उद्या आलाच नाही. ऑपरेटरनं ऑगस्टमध्ये नेहमीच्या फोल्डरमधून नेहमीची फाइल काढली आणि नेहमीसारखं नीट काम केलं. त्याचा काडीचा दोष नाही.

त्याहून गंमत पुढं आहे. झेडवर ‘मशीन शॉप नवीन’ नावाचंही एक फोल्डर होतं. त्यात याच हाउसिंगची ‘ए’ रिव्हिजन निघाली. ते फोल्डर २०१५ साली नवीन होतं.

आता हे झेड काय ते सांगायला हवं. आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली २००६ मध्ये जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर होता. त्यातलं एक फोल्डर सगळ्यांना उघडं करून दिलेलं आणि प्रत्येकाच्या मशीनवर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसायचं. सगळे त्याला ‘सर्व्हर’ म्हणायचे. प्रत्यक्षात ते साधं विंडोज एक्सपी होतं. पण मान सर्व्हरचा. दर खंडेनवमीला भट्टीबरोबर त्यालाही झेंडूचा हार पडायचा. सीडीच्या खणात वर्षानुवर्षांचं हळदकुंकू साचलं होतं.

एक्सपीच्या या आवृत्तीवर एका वेळी दहाच जण आत जाऊ शकतात. ही मशीनची खराबी नाही, मायक्रोसॉफ्टनं घालून दिलेली मर्यादाच आहे. आम्ही सुरुवातीला सातजण होतो, तेव्हा कळलं नाही. पुढं वीस झालो. मग रोज सकाळी अकराच्या सुमाराला अकाउंट्समधून अक्कांचा आवाज यायचा, “कुणीतरी झेड सोडा हो, मला बिल काढायचंय!” की डिस्पॅचवाला पोरगा हात वर करून म्हणायचा, “सोडलो बघा.” आम्ही याला हसत होतो. पाहुण्यांनाही सांगायचो, म्हणजे जणू आमच्या घराण्याची रीत.

हसण्यात एक गोष्ट सुटली. झेड मिळेल याची खात्री नसल्यानं प्रत्येकानं आपापली सोय केली होती. डिझाइनवाल्यानं ड्रॉइंगं आपल्या मशीनवर उतरवून ठेवलेली. पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींकडं पेन ड्राइव्ह. मोल्डिंगच्या सुपरवायझरकडं व्हॉट्सॲपवर फोटो. एक फाइल सगळ्यांनी मिळून वापरावी म्हणून जे आणलं, त्यानंच एका फाइलच्या नऊ फाइली केल्या. कुठली खरी, ते ज्याला त्याला आपलीच वाटायची.

रिजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मालकांनी बोलावलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, “मामांच्या वेळेला असं झालं असतं?”

मामा म्हणजे आमचे जुने ट्रेसर, ड्रॉइंगच्या नकला काढणारे. २०१० मध्ये निवृत्त झाले. मी आलो तेव्हा त्यांच्या ताब्यात एक लोखंडी कपाट आणि एक रजिस्टर होतं. ड्रॉइंगची अमोनिया प्रिंट निघायची, निळसर, त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. शॉपमध्ये नवी प्रिंट हवी असेल तर जुनी आणून द्यायची. फाटलेली असो, तेलकट असो, अर्धी असो. मामा ती घेणार, रजिस्टरात खूण करणार, चार तुकडे करणार आणि मग नवी देणार. “जुनं दिल्याशिवाय नवं नाही.” मालकांचा भाऊ जरी आला तरी हेच. एकदा एका मशीनिस्टची प्रिंट कूलंटमध्ये लगदा झाली होती, तर मामांनी तो लगदा आणायला लावला होता.

झेड आलं आणि रजिस्टर बंद पडलं. कॉम्प्युटर आहे की आता, रजिस्टर कशाला. मीच म्हणालो होतो हे, २००६ मध्ये, मोठ्या हुशारीनं. त्यानंतर अठरा वर्षं कुणालाही जुनं परत द्यावं लागलं नाही.

कामाला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं, नवी मशीन आणायची, सगळं उचलून तिकडं टाकायचं, चार दिवसांचं काम. पहिल्याच दिवशी बॅकअपचा विषय निघाला. थोरले मालक दर शनिवारी एक बाहेरची हार्ड डिस्क घरी न्यायचे. सोनाराकडची लाल मखमली पिशवी होती, तिच्यात. शनिवारी संध्याकाळी डिस्क लावायची, डेस्कटॉपवरच्या एका चिन्हावर दोनदा क्लिक करायचं, काळी खिडकी उघडून मिटली की झालं. ती डिस्क मी माझ्या मशीनला लावली. शेवटची फाइल जून २०२१ ची. डिस्क तेव्हाच भरली होती. काळी खिडकी उघडत होती, जागा नाही म्हणत होती आणि मिटत होती. वाचायला वेळच मिळायचा नाही. तीन वर्षं मालक एक थांबलेली डिस्क शनिवारी मखमलीतून घरी नेत होते आणि सोमवारी परत आणत होते. त्यांना सांगायला मी दोन दिवस लावले.

दुसरा धक्का सुरक्षेचा. २०१९ मध्ये धाकल्या मालकांनी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा त्यावर झेड उघडेना. हार्डवेअरवाला पोरगा आला, विंडोजच्या सेटिंगमध्ये कुठंतरी एक टिक केली आणि झेड सुरू झालं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्या मशीनवर आम्ही तीच टिक करत गेलो. आता वाचलं तेव्हा कळलं की ती टिक म्हणजे एसएमबी १ नावाची जुनी पद्धत चालू करणं. नेटवर्कवर फाइल मागायची-द्यायची ही भाषा, आणि एक्सपीला तेवढीच येते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा जो खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारा अपडेट दोन महिने आधी काढला होता, पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. हल्ल्यानंतर त्यांनी अपवाद म्हणून एक्सपीलाही तो दिला. आमच्या मशीननं तो घेतला नव्हता, कारण अपडेट कुणीतरी कधीच बंद करून ठेवलेले. २०१७ च्या शेवटापासून नव्या विंडोज १० मध्ये ही पद्धत सहसा मुळात घातलेलीच नसते. म्हणजे कंपनीनं काढून टाकलेली कडी आम्ही प्रत्येक नव्या दाराला हातानं बसवत होतो.

आपल्याला कोण लुटणार, असं मालक म्हणाले. मीही तेच समजत होतो. व्हायरसला उद्यमबाग आणि अमेरिका सारखीच. त्याला पत्ता बघायचा नसतो.

मग प्रत्यक्ष फाइली. मोजल्या तर ३१० जीबी, चार लाखांच्या वर फाइली. त्यातल्या किती खऱ्या, ते शोधायला बसलो आणि इथं आपल्या भागाची खास अडचण उभी राहिली. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या इंग्रजी पत्रांत, चलनांत, फाइलींच्या नावांत बेलगाम, त्यानंतर बेलगावी. एक शब्द शोधला की निम्मंच सापडायचं. सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, तो नुडीत टाइप केलेला. कामगारांच्या नोटिसा मराठीत, त्या श्रीलिपीत. दोन्ही जुन्या फॉन्टचे. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर कन्नड काय नि मराठी काय, दोन्हींचं सारखंच गिचमिड इंग्रजी होतं. सीमाप्रश्न एवढ्या सोप्या रीतीनं मिटलेला मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. पण ‘बोनस’ असं युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या मशीनना कळणाऱ्या पद्धतीत, लिहून शोधलं तर एकही नोटीस सापडत नव्हती, आणि बोनसच्याच तर सगळ्या होत्या. शेवटी जुन्या पत्रांसाठी एकच केलं. ती उघडून, जुना फॉन्ट असलेल्या मशीनवरून पीडीएफ काढून, नावात युनिकोडमध्ये विषय आणि साल घातलं. दोन महिने एक मुलगी हेच करत होती. कंटाळून गेली बिचारी.

पुसायला मात्र कुणी तयार नाही. अक्का म्हणाल्या, “जीएसटीचं काही हलवायचं नाही.” बरोबरच होतं. हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावेच लागतात. आमचा बराच माल रंगायला आणि मशिनिंगला कोल्हापूरकडं जातो. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला पाठवायचं तर किंमत कितीही असो, ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद, लागतं. वाटेत राज्य बदलतं आणि कागद दुप्पट होतात. ते सगळे स्कॅन झेडवर, ‘कोल्हापूर’, ‘केओपी’ आणि ‘रंगारी’ अशा तीन फोल्डरांत.

कॉपी करतानाही विंडोजनं मध्येच हात टेकले. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, नावं लांबलचक. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आसपास गेला की साध्या कॉपी-पेस्टला ती फाइल उचलता येत नाही. रोबोकॉपी नावाची आज्ञा विंडोजमध्येच असते, तिला हे चालतं. शिवाय काय नेलं नि काय राहिलं याची ती यादी देते. चार रात्री ती चालवली. दुसऱ्या रात्री जोराचा पाऊस, लाइट गेली, यूपीएस बारा मिनिटांत बसला. मी अनगोळच्या घरून रेनकोट घालून परत आलो तर वॉचमन जिन्यापाशी बॅटरी घेऊन उभा. “काय करूलालासा एवढ्या रात्री?” त्याला वाटलं, मशीन चोरायला कोण येईल, आणि मला वाटत होतं, नेलं असतं तर बरं. रोबोकॉपी पुन्हा लावली, जिथं थांबली होती तिथून पुढं गेली.

नवं काय घ्यायचं यावर धाकले मालक आणि मी महिनाभर घासाघीस केली. त्यांचं म्हणणं, सगळं क्लाउडवर टाका. माझी अडचण साधी. रस्ता खोदला की आमच्याकडं फायबर तुटतं आणि कधीकधी दीड दिवस नेट नसतं. भट्टी तापलेली असताना ड्रॉइंग उघडत नाही असं मी कुणाला सांगू? शेवटी ऑफिसात नॅसची, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या साठवणीची, एक पेटी घेतली, चार टीबीच्या दोन डिस्क, एकीचं जसंच्या तसं दुसरीवर. डिस्कांसकट साठ हजारांच्या वर गेलं. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आता चारजणांना समजावून सांगितलं आहे. एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसतं. म्हणून रोज रात्री एक प्रत क्लाउडवर जाते आणि पेटी स्वतः दर तासाला त्या क्षणाची छबी धरून ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मुद्दाम एक फाइल पुसून परत आणून बघतो. मखमली पिशवीचा धडा.

या छबीची किंमत पहिल्याच महिन्यात कळली. जुन्या झेडवर पुसलेली फाइल कचरापेटीत जात नसे, नेटवर्कवरून पुसलं म्हणजे थेट गेलं. माउस ओढता ओढता एक फोल्डर शेजारच्यात पडलं तर कुणी पुसलं म्हणून आरडाओरडा व्हायचा. एकदा पॅटर्नचं अख्खं फोल्डर ‘गणपती वर्गणी’त जाऊन बसलं होतं आणि पुढच्या गणपतीला सापडलं. आता डिझाइनच्या पोराकडून एक फोल्डर गेलं, त्यानं घाबरत सांगितलं, मी सकाळी दहाची छबी उघडून ते परत ठेवलं. तीन मिनिटं.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते परवानग्यांवरून. जुन्या झेडवर सगळ्यांना सगळं उघडं होतं. दिवाळीच्या आधी कुणाला किती वाढ मिळणार, ते मालकांच्या आधी फाउंड्री सुपरवायझरला माहीत असायचं. मी खाती वेगळी केली, कॉस्टिंग आणि पगार बंद केले, तेव्हा लोकांना वाटलं आपल्यावर विश्वास नाही. वीस वर्षं काम केलेला माणूस येऊन म्हणाला, “आम्ही चोर काय?” त्याला उत्तर देणं अवघड गेलं. म्हटलं, माझं खातंही पगाराला बंद आहे, बघा. ते खरं होतं, मी आधी स्वतःचंच बंद केलं होतं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

ड्रॉइंगांपुरता नियम मात्र मामांचा. शॉपला एकच फोल्डर दिसतं, फक्त वाचायचं, आणि त्यात एका नंबरची एकच पीडीएफ असते. नवी रिव्हिजन आली की जुनी त्याच वेळी ‘रद्द’मध्ये जाते, ते फोल्डर माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही. शॉपमधल्या छापील प्रती नंबर घालून दिलेल्या. नवी हवी तर जुनी आणा. रजिस्टर परत सुरू केलं, तेही कागदी. धाकल्या मालकांना ते आवडलं नाही, एवढा खर्च करून परत वही? मी ऐकलं आणि वही ठेवली.

पंपवाल्यांकडं मी स्वतः गेलो होतो, नवा लॉट आणि कुंद्याचा डबा घेऊन. त्यांच्या इन्स्पेक्शनच्या साहेबांनी कुंदा घेतला आणि पीसीडी तरीही स्वतः मोजला. मोजायलाच हवा.

फेब्रुवारीत जिन्याखालचं मशीन बंद केलं. त्या आठवड्यात मी शॉपमध्ये जुन्या प्रती गोळा करत फिरत होतो. व्हीएमसीच्या ऑपरेटरनं, तो कित्तूरकडचा, आपली ‘बी’ची प्रिंट घडी घालून आणून दिली. मी रजिस्टरात खूण केली. मग विचारलं, मोबाइलमध्ये आहे का? तो हसला. गॅलरी उघडली. मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये आमचं हाउसिंग, थोडं तिरकं, कडेला त्याचा अंगठा. खाली अजून एक. आणि अजून एक, ‘ए’चं.

“आय्तु सर, डिलीट करतो,” तो म्हणाला.

मी तिथंच उभा राहिलो. त्यानं एकेक केलं, मग मला दाखवून कचरापेटीही रिकामी केली. तेव्हा नवी प्रिंट दिली.